मेज क्रमांक नऊ

ओल्डहॅम, लँकेशायर
२ नोव्हेंबर १९९२

मिसेस मिडग्ली यांस,

तुमची माझी ओळख नाही. तुमचे यजमान सार्जंट मेजर विल्फ मिडग्ली सप्टेंबरात वारले, हे मी पॅराशूट सैनिकांच्या संघटनेच्या पत्रकात वाचलं. मनापासून वाईट वाटलं. मी १९४८ पासून या पत्रकाची वर्गणीदार आहे आणि ते नेहमी शेवटच्या पानापासून वाचते, कारण गेलेल्या माणसांची नावं तिथे असतात.

पत्रकात त्यांच्या शवपेटीचा फोटो आहे. वर लाल टोपी, पाच पदकं आणि मध्ये एक फाटकं पुठ्ठ्याचं कार्ड ठेवलेलं दिसतं. मी भिंग लावून पाहिलं. त्यावर ११ मार्च १९४५ ही तारीख आणि ई. एम. एंटविसल अशी सही आहे. लग्नाआधी ते माझं नाव होतं. युद्धात तुमचे यजमान आणि मी एकाच कामाच्या दोन टोकांना होतो, असं म्हणता येईल. आमची भेट मात्र कधी झाली नाही.

पत्रकात लिहिलंय की ऱ्हाईन नदीपलीकडे उडी मारताना त्यांच्या कपाळाला जखम झाली आणि सात टाके पडले. ती जखम कशाने झाली? ते तुमच्याजवळ काही बोलले होते का? आणि त्याचा पुढे त्रास झाला का, डोकेदुखी वगैरे? एवढंच मला हवं आहे. का हवं आहे ते आत्ता लिहिण्याचा धीर होत नाही, त्याबद्दल क्षमा करा.

आपली,
एडना पिलिंग (पूर्वीची एंटविसल)

*

थॉर्नबेक, यॉर्कशायर
१६ नोव्हेंबर १९९२

मिसेस पिलिंग यांस,

पत्र मिळालं. अंत्यविधी चांगला झाला. साठ माणसं आली आणि नंतरच्या जेवणाला हॅम पुरलं.

तुमची माझी ओळख नाही असं तुम्ही लिहिता. मी तुम्हाला १९४७ च्या जूनपासून ओळखते. लग्नानंतर आठव्या दिवशी मी विल्फचा कोट झटकायला घेतला आणि पाकिटातून तुम्ही पडलात. मी कार्ड होतं तसं परत ठेवलं. त्यानंतर आम्ही जर्मनीत राहिलो, माल्टात राहिलो, सायप्रसला राहिलो, आणि तुम्ही सगळीकडे आमच्याबरोबर होतात. पाकिटं चार बदलली. कार्ड तेच. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तेवीस वर्षं सैन्यात काढलेल्या माणसाकडून गोष्टी काढून घेणं सोपं नसतं, आणि माझ्या घरात रडारड करण्याची पद्धत नाही. शवपेटीवर कार्ड मी ठेवलेलं नाही. ते सिरिल ब्रॉडबेंटनं ठेवलं. हा विल्फचा जुना सोबती, त्याच विमानातून उडी मारलेला. "हे त्याच्याबरोबर असायला हवं, फ्रीडा," असं म्हणाला. साठ माणसांसमोर मी काय बोलणार?

कपाळाचं विचारता म्हणून सांगते. विल्फला कुणीही विचारलं की तो म्हणायचा, "एका बाईनं मारलं." लोक हसायचे. मी सुद्धा हसायची, ऑफिसरांच्या बायकांसमोर हसावं लागतं. आणि दर वर्षी २४ मार्चला माजी सैनिकांच्या क्लबात तो उठून उभा राहायचा, ग्लास वर करायचा आणि म्हणायचा, "त्या बाईसाठी." हे मला खाटकाच्या बायकोनं सांगितलं. तिला किती आनंद झाला होता सांगताना!

एकदा, १९५१ साली, त्यानं तुम्हाला पत्रही लिहिलं होतं. हवाई दलाच्या जुन्या पत्त्यावर, तुमच्या नावानं. उत्तर आलं नाही. तेव्हा गरज तुम्हालाच नव्हती असं मी समजले, आणि आता सत्तरीला टेकल्यावर तुम्हाला त्याच्या डोकेदुखीची चौकशी सुचली आहे. डोकेदुखी नव्हती. तो एकदाच आजारी पडला आणि मेला.

जे भेटलेच नाहीत ते एकमेकांची सही सत्तेचाळीस वर्षं बाळगत नाहीत, मिसेस पिलिंग. आणि बाळगायचीच होती तर निदान आमच्या यॉर्कशायरच्या बाईची बाळगायची, शेजारच्या वैरी लँकेशायरची कशाला?

पत्र इथेच संपवते. वारा सुटलाय, कोठीचं दार आपटतंय. त्याला विल्फचं ते जुनं वजन सरकवून येते.

फ्रीडा मिडग्ली

*

ओल्डहॅम
२४ नोव्हेंबर १९९२

मिसेस मिडग्ली यांस,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळांना मला कळलंच नाही की तुम्ही माझ्यावर कसला आळ घेताय. तिसऱ्या वेळी कळलं आणि मी खुर्चीत बसले. मी साठ किलोची, चष्मेवाली, मेथॉडिस्ट प्रार्थनाघरात पियानो वाजवणारी मुलगी होते. माझ्यावर असा आळ त्या वयात कुणी घेतला असता तर आईनं आनंदानं केकच वाटले असते.

मी तुमच्या यजमानांचं पॅराशूट बांधलं होतं. बस्स. एवढंच आमचं नातं.

मँचेस्टरजवळ एक मोठी शेड होती. तिथे लांबच लांब मेजं, प्रत्येक मेजाशी हवाई दलातली एक मुलगी. पॅराशूट पसरायचं, दोऱ्या सरळ करायच्या, कापडाच्या पट्ट्या एकावर एक घडी करायच्या. कापड निसटू नये म्हणून घडीवर शिशाच्या छऱ्यांच्या छोट्या पिशव्या ठेवायच्या, आणि घडी पुरी होत आली की एकेक काढून घ्यायच्या. मग सगळं पिशवीत बांधायचं आणि कार्डावर तारीख घालून सही करायची. ते कार्ड पॅराशूटबरोबर जायचं. म्हणजे काही बिघडलं तर कुणी बांधलं ते कळावं. तुमच्या पाकिटातून पडायची ती मी नव्हते, ती माझी जबाबदारी होती.

माझं मेज क्रमांक नऊ. प्रत्येक मेजाला चौदा पिशव्या, प्रत्येकीवर मेजाचा आकडा शाईनं लिहिलेला. पाळी संपली की त्या मोजून दाखवायच्या. चौदा भरल्या नाहीत तर त्या दिवशी त्या मेजावर बांधलेलं प्रत्येक पॅराशूट उघडायचं, कारण चुकलेली पिशवी कुठल्यातरी घडीत राहिलेली असते. आत पावणेदोन पौंडांचं शिसं. पॅराशूट उघडताना दोऱ्यांत अडकलं तर कापड फुलत नाही. फुललं तर ते खालच्या माणसाच्या डोक्यात येतं.

११ मार्चला दुपारी एक पॅराशूट निम्मं घडी झालं असताना चहाची गाडी आली. बॉम्ब पडले तरी हात थांबवायचा नाही अशी आमची शिकवण होती, पण चहाची गोष्ट वेगळी होती. मी चहा घेतला, परत आले, घडी पुरी केली. संध्याकाळी मोजल्या तर तेरा.

मी अठरा पॅराशूटं बांधली होती. ती ट्रकवर चढत होती. बोलले असते तर सगळी उतरवावी लागली असती, आणि माझी चौकशी झाली असती, आणि मी वीस वर्षांची होते. कपाटात एक कोरी पिशवी होती. तिच्यावर मी शाईनं ९ लिहिलं आणि चौदा मोजून दाखवल्या. कॉर्पोरल म्हणाली, "शाब्बास एंटविसल."

तेरा दिवसांनी ऱ्हाईनची उडी झाली. त्या दिवशी किती गेले ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांतला एक माझा आहे, असं धरून मी आजवर जगले. म्हणून मी शेवटच्या पानापासून वाचते. जो वयानं मेला त्याच्यापुढे मी बरोबरची खूण करते. मला अठरांची नावं माहीत नाहीत, त्यामुळे खुणांचा काही उपयोग नाही, तरी करते. घरात मी चमचे मोजते. माझा नवरा, देव त्याचं भलं करो, त्याला वाटायचं मी काटकसरी आहे.

म्हणून विचारलं. ती जखम माझ्या पिशवीनं झाली का? आणि झाली असेल तर त्यांना माझा राग होता का? ते "एका बाईनं मारलं" म्हणायचे, हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही. १९५१ चं पत्र मला मिळालं नाही, मिसेस मिडग्ली. मिळालं असतं तर ते शिव्यांचं असलं तरी मी उत्तर दिलं असतं.

एडना पिलिंग

*

ओल्डहॅम
११ जानेवारी १९९३

मिसेस मिडग्ली यांस,

सात आठवडे झाले. नाताळात टपाल तुंबतं म्हणून मी वाट पाहिली. आता टपाल मोकळं झालंय.

तुमचं गप्प राहणं हेच उत्तर समजते. मी पुन्हा त्रास देणार नाही. तुम्हाला ही गोष्ट संघटनेला कळवायची असली तर जरूर कळवा, मी नाकारणार नाही. पोलिसांत जायचं असेल तर आमच्या इथली चौकी मंगळवारी बंद असते, बाकी सगळे दिवस मी घरी असते. गुरुवारी दुपारी मात्र प्रार्थनाघरातला पियानो माझ्याकडे आहे.

एडना पिलिंग

*

थॉर्नबेक
१८ जानेवारी १९९३

मिसेस पिलिंग यांस,

पोलिसांत कशाला जायचं? आमच्या पोलिसाला शेजाऱ्याचं मांजर सापडत नाही.

उशीर झाला त्याचं कारण सांगते. तुमचं पत्र आलं तेव्हा मी ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. चौदा पिशव्या, शिसं, आकडा, इथपर्यंत आले आणि माझं लक्ष कोठीच्या दाराकडे गेलं.

दार आपटू नये म्हणून त्याच्या खाली एक पिशवी लावलेली असते. खाकी कॅनव्हासची, मुठीएवढी, आकाराच्या मानानं फार जड. लग्नात मी कपबशा आणल्या, विल्फनं ती पिशवी आणली. जर्मनीला जाताना लष्करानं सामानावर मर्यादा घातली तर माझ्या आईचं घड्याळ मागे राहिलं आणि पिशवी आली. सायप्रसला मी ती एकदा कचऱ्यात टाकली. त्यानं अख्ख्या पलटणीचा कचरा उपसून परत आणली, आणि मला एक शब्द बोलला नाही. ते दार तिच्याशिवाय राहत नाही एवढंच मला माहीत होतं. कार्डाचा आणि तिचा काही संबंध असेल असं मनात कधी आलं नाही. कार्ड पाकिटात होतं आणि पिशवी जमिनीवर.

मी ती उचलून काट्यावर ठेवली. पावणेदोन पौंडांना थोडी कमी, एका कोपऱ्यातून चार छरे गळलेत. मग उलटी केली. बुडाशी शाई आहे. फिकट झालीय, पण नऊच आहे, मी भिंग लावून पाहिलं. भिंग तुमच्याकडेच असतं असं नाही.

मग मी टोपी घातली आणि सिरिलकडे गेले. तो क्लबात होता. बायकांनी पुढच्या खोलीत बसायची पद्धत आहे, पण मी सरळ आत गेले आणि पिशवी त्याच्या बिअरशेजारी आपटली.

"हे काय आहे, सिरिल?"

"अगं, ही विल्फची बाई," तो म्हणाला.

"नीट सांग. नाहीतर हीच तुझ्या डोक्यात घालते."

मग त्यानं सांगितलं. विमानातून उडी मारताना विल्फ त्याच्या पुढे होता. पॅराशूट उघडलं, फुललं, आणि वरून काहीतरी आलं ते हेल्मेटच्या खाली कपाळावर बसलं, आणि तिथून सदऱ्याच्या गळ्यात पडलं. विल्फ रक्तानं माखून एका बीटच्या शेतात उतरला. सिरिलला वाटलं गोळी लागली. विल्फनं गळ्यात हात घालून पिशवी काढली, तिच्याकडे बघितलं आणि त्या गोळीबारात हसत सुटला. म्हणाला, "कुणा पोरीचा चहा थंड होत होता वाटतं."

डॉक्टरला त्यानं झाडावर आदळलो असं सांगितलं. सिरिल म्हणाला, "कार्ड आहे ना, नाव आहे, कळव की वर." तर विल्फनं त्याला झापलं. "माझं पॅराशूट उघडलं ना? नीट बांधलं होतं म्हणूनच उघडलं. ही आत असूनसुद्धा उघडलं. त्या पोरीला मी शिक्षा करवणार?" आणि सिरिलकडून वचन घेतलं की कुणाला सांगायचं नाही.

मी म्हटलं, "मला पण नाही? बायकोला?"

"तू कधी विचारलंस का, फ्रीडा?" सिरिल म्हणाला.

तर तुमचं उत्तर हे. जखम तुमच्या पिशवीनं झाली. विल्फला राग नव्हता. "त्या बाईसाठी" तो जे प्यायचा ते तुमच्या नावानं, आणि ते सरळ मनानं. त्या अठरांतलं पिशवीचं पॅराशूट त्याचं होतं, आणि तो पंच्याहत्तर वर्षांचा होऊन आपल्या पलंगावर गेला. खूण करा.

हे सगळं मला तुमचं पत्र आल्यावर चौथ्या दिवशी कळलं होतं. म्हणजे २ डिसेंबरच्या सुमारास. तेव्हाच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही कारण अजून एक गोष्ट लिहावी लागली असती.

१९५१ चं पत्र विल्फनं मला टपालपेटीत टाकायला दिलं होतं. पाकिटावर मिस ई. एम. एंटविसल. मी ते शेगडीत टाकलं.

तुम्ही एकेचाळीस वर्षं जास्तीची चमचे मोजत बसलात ते माझ्यामुळे. ते मी आधी लिहिलं नाही, उलट तुम्हालाच ऐकवलं की उत्तर आलं नाही. मला लाज वाटते. माझ्या घरात रडारडीची पद्धत नाही असं लिहिलं होतं, तेही आता खरं राहिलेलं नाही.

पिशवी वेगळ्या पुड्यात पाठवते आहे. ती तुमच्या मेजाची आहे. कार्ड मी दफनाआधी शवपेटीवरून परत उचललं होतं, ते ठेवून घेते, तुमची हरकत नसेल तर. इतकी वर्षं राग धरून जपलंय, आता त्याच्याशी जरा नीट वागावं म्हणते.

फ्रीडा मिडग्ली

*

ओल्डहॅम
५ फेब्रुवारी १९९३

मिसेस मिडग्ली यांस,

पुडा आला. पोस्टमननं विचारलं, "आत काय, वीट?" मी म्हटलं हो.

तुमच्यावर मी दोन दिवस चिडले होते. खोटं कशाला लिहू? १९५१ साली माझा थोरला तीन वर्षांचा होता. त्याला मी कधी उंच झोपाळ्यावर बसू दिलं नाही, झाडावर चढू दिलं नाही. वरून काही पडेल म्हणून. ते पत्र आलं असतं तर तो झाडावर चढला असता. तो आता विमा कंपनीत आहे आणि शिडीला घाबरतो.

तिसऱ्या दिवशी मी पिशवी स्वयंपाकघराच्या मेजावर ठेवली, समोर बसले आणि मोठ्यानं म्हटलं, "मेज नऊ, पंधरा." कारण खरा आकडा तोच. जगात नऊ क्रमांकाच्या पंधरा पिशव्या होत्या, हे फक्त मला माहीत होतं. मग मी खूप रडले, आणि मग चहा केला. रात्री चमचे न मोजता झोपले. सकाळी मोजले, पण ते सवयीनं.

राग गेला आहे. मी एक चूक लपवली, तुम्ही एक पत्र जाळलं. तुमच्या जागी मी असते तर कार्डही जाळलं असतं, तुम्ही ते निदान चार पाकिटांतून सुखरूप नेलंत.

फक्त एक विचारते. पत्र जाळण्याआधी तुम्ही ते वाचलंत का? मी असते तर वाचलं असतं. त्यात काय होतं?

एडना

*

थॉर्नबेक
१२ फेब्रुवारी १९९३

एडना,

वाचलं होतं. वाफेवर पाकीट उघडून वाचलं आणि मग जाळलं. तुम्ही विचारू नये अशी फार इच्छा होती.

त्यात वाईट काही असतं तर मला बरं वाटलं असतं. पत्र एवढंच होतं. पाठ आहे, कारण त्यात काय दडलंय ते शोधायला मी ते जाळण्याआधी वीस वेळा वाचलं:

"मिस एंटविसल, तुमची एक वस्तू माझ्याकडे राहिली आहे. काम चोख होतं, तक्रार नाही. वस्तू परत हवी असल्यास कळवावे. नको असल्यास मी ती दाराला लावतो. आपला, डब्ल्यू. मिडग्ली, सार्जंट मेजर."

विल्फ असाच लिहायचा. मला लग्नाचं विचारलं ते पत्रसुद्धा याहून फार लांब नव्हतं. "वस्तू" म्हणजे अंगठी असं मी धरून चालले होते. दाराला अंगठी कशी लावणार, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. डोकं चालत नव्हतं.

२४ मार्चला क्लबात त्याच्या नावाचा ग्लास भरतात. सिरिल म्हणतो यंदा "त्या बाईसाठी" कुणी म्हणायचं हा प्रश्न आहे. लीड्सहून आमच्याकडे अकरा दहाची बस आहे. तुम्ही लँकेशायरच्या असलात तरी ती घेते.

कोठीच्या दाराला मी तीन-चार वस्तू लावून बघितल्या. इस्त्री, वीट, बायबल. आपटायचं थांबत नाही.

फ्रीडा

*

ओल्डहॅम
१ मार्च १९९३

प्रति, सार्जंट मेजर डब्ल्यू. मिडग्ली
द्वारा मिसेस फ्रीडा मिडग्ली, थॉर्नबेक

महोदय,

आपलं १९५१ चं पत्र मिळालं. उत्तरास उशीर झाला, क्षमस्व.

वस्तू परत नको. दाराला लावावी. गळका कोपरा शिवून, मोजून, २४ तारखेच्या अकरा दहाच्या बसनं स्वतः घेऊन येत आहे.

आपली,
ई. एम. एंटविसल
मेज क्रमांक नऊ